फॉर्मवरची तेरावी ओळ

एक्स-रे बाईंना त्या दालनात ट्रॉली ढकलत येताना आजवर कुणी पाहिलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षं त्या पिवळ्या रेषेच्या पलीकडे, कस्टमच्या काउंटरमागे उभ्या राहिल्या होत्या, परदेशातून आलेल्यांच्या बॅगा उघडल्या होत्या, आणि सात महिन्यांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. आज त्या स्वतःच पंधरा दिवस परदेश फिरून आल्या होत्या आणि रेषेच्या अलीकडे, चारचौघांसारख्या, रांगेत उभ्या होत्या. पुढे सात माणसं, शेजारी यजमान, ट्रॉलीवर दोन मोठ्या बॅगा. सकाळचे नऊ वाजले होते. रात्रभर विमानात बसूनही बाईंच्या साडीची घडी मोडली नव्हती, आणि मान नेहमीप्रमाणे ताठ होती.

एक्स-रे हे नाव हाताखालच्यांनी ठेवलेलं. मशीनला बॅगेतली वस्तू दिसते, बाईंना बॅगवाल्याच्या पोटातला गोळा दिसतो, असं तिथे म्हणायचे, आणि त्यात फारसं वाढवून सांगितलेलं नव्हतं. काउंटरच्या आधी भिंतीवर एक मोठा फलक होता: फळं, मांस, बिया, रोपं, प्रत्येकावर लाल काट. बाईंचा साधा हिशेब होता. ज्याच्याकडे काही नसतं तो रांग पुढे सरकेपर्यंत त्या फलकाकडेच बघत राहतो, कारण तिथे बघण्यासारखं दुसरं आहेच काय? ज्याच्याकडे असतं तो एकदाच बघतो, आणि मग जन्मात तिकडे मान वळवत नाही. असा एकदाच बघणारा माणूस दिसला की बाई शांतपणे हातमोजे चढवायच्या.

प्रश्नही त्यांचा ठरलेला. 'काय आणलंय?' असं त्या विचारत नसत. त्याचं उत्तर माणूस विमानात घोकून येतो. त्या विचारायच्या, "कुणासाठी आणलंय?" हे कुणी घोकलेलं नसायचं. आईसाठी, जावयासाठी, साहेबांसाठी, असं काहीतरी तोंडातून निघून जायचं, आणि मागोमाग वस्तूही निघायची. हा प्रश्न त्यांनी आठ-दहा शिकाऊंना शिकवला. विचारताना हसायचं नाही, हेही शिकवलं.

घरच्यांनाही त्यात सूट नव्हती. नऊ वर्षांपूर्वी वन्सं परदेशातून येताना कच्च्या दुधाच्या चीजची अख्खी चकती टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या, आणि काउंटरवर भावजय दिसल्यावर त्यांना हायसं वाटलं. ते हायसं वाटणं फार वेळ टिकलं नाही. बाईंनी चाळीस माणसांसमोर टॉवेल सोडला, चकती पिंपात टाकली आणि पावती फाडून नणंदेच्या हातात ठेवली. तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असो, वन्सं ह्या भावजयीशी बोलायचं झालं तर भिंतीशी बोलतात. बाईंना त्याचं वाईट वाटत नव्हतं असं नाही, पण चुकलं असंही कधी वाटलं नाही.

म्हणूनच आजचा फॉर्म म्हणजे आदर्श नमुना होता. विमानात जेवणाचे ट्रे उचलल्या उचलल्या बाईंनी तो भरायला घेतला होता. नवरा-बायकोत एकच फॉर्म लागतो. जॅमच्या दोन बाटल्या, पक्क्या झाकणाच्या. बिस्किटांचे चार डबे. चॉकलेटं, किती ग्रॅम तेही. वाळवलेली अळंबी, सीलबंद, कारखान्याचा शिक्का असलेली. मध घेतलाच नव्हता, कारण मध अडतो. प्रत्येक वस्तूची वेगळी ओळ, अशा अकरा ओळी खाण्याच्या, आणि बारावी ओळ यजमानांच्या घड्याळाची: टेबलावरचं घड्याळ, जुनं, लाकडी, बंद. मग बाईंनी फॉर्म यजमानांसमोर धरला, जागा दाखवली आणि त्यांनी सही केली. बँकेचा फॉर्म असो, विम्याचा असो की लेकीच्या शाळेचा, छत्तीस वर्षं हेच चालत आलं होतं. बाई भरायच्या, यजमान दाखवल्या जागी सही करायचे. वाचत काही नसत.

यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान दाराएवढं. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून तांदळाच्या कणीएवढी चक्रं चिमट्यात धरायची, आणि बोलायचं ते जरुरीपुरतं. बाईंच्या पुढ्यात तर जरुरीही कमी पडायची. सहलीच्या शेवटच्या दिवशी जुन्या बाजारात त्यांनी ते लाकडी घड्याळ घेतलं, काखोटीला मारलं आणि म्हणाले, "हे मी माझ्याजवळ ठेवतो." बाई बरं म्हणाल्या. नवऱ्याच्या नादात त्या कधी नाक खुपसत नसत, आणि हा आपला मोठेपणा आहे असं त्यांना वाटायचं.

रांग एक माणूस पुढे सरकली. आता सहा उरले.

बाईंना करमत नव्हतं, म्हणून त्यांनी सवयीने रांगेतली माणसं बघायला सुरुवात केली. पुढची बाई फलकाकडे टक लावून बघत होती. तिच्याकडे काही नव्हतं. तिच्या पुढचा तरुण फोनमध्ये होता. फोनवाले बहुधा साफ असतात. मागे एक कुटुंब, मुलं भांडतायत, आईच्या पिशवीत सँडविच आहे पण तिला आठवत नाहीये. ती आठवण बाईंनी लगेच करून दिली, आणि सँडविच मुलांच्या पोटात गेलं. बाईंना बरं वाटलं. नजर अजून शाबूत होती. मग त्यांनी रांगेवरून पुन्हा एकदा नजर फिरवली, आणि ती एका माणसावर अडकली.

खांद्याची पिशवी पट्ट्याने न धरता खालून दोन्ही हातांनी धरलेली. चेन बंद असतानाही चेनवर बोट, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. समोरून गेलेल्या सफाईवाल्याला विनाकारण गुड मॉर्निंग. ओठ कोरडे. आणि फलक? फलकाकडे त्याने एकदा बघितलं होतं. त्यानंतर त्याची मान जी उजवीकडे वळली होती ती उजवीकडेच होती, आणि उजवीकडे नुसती भिंत होती.

असा माणूस बाईंनी लांबूनच ओळखला असता. हा तर हाताच्या अंतरावर होता. ते यजमान होते.

क्षणभर बाईंना खरंच हसू आलं. मग सोमवार आठवला. येत्या सोमवारपासून नव्या भरतीला शिकवायला खात्याने त्यांनाच बोलावलं होतं. प्रवाशाने फॉर्ममध्ये खरं लिहिलंय की नाही हे कसं ओळखावं, असा विषय. पत्र आलं तेव्हा बाईंनी ते यजमानांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. आणि आज त्यांच्याच अक्षरातला फॉर्म खोटा होता. काउंटरवर हे निघालं तर नोंद होणार, आणि नोंद झाली तर सोमवारी कुठल्या तोंडाने शिकवायचं? अठ्ठावीस वर्षं लोकांनी त्यांना खडूस म्हटलं, निर्दय म्हटलं, पण खोटारडी असं कुणी म्हटलं नव्हतं. बाईंकडे स्वतःचं म्हणावं असं तेवढंच होतं. वन्सं तर पेढे वाटतील, हेही मनात येऊन गेलं.

"अहो," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "पिशवीत काय आहे?"

"कुठल्या?"

प्रश्नावर प्रश्न. बाईंना खात्री पटली.

"तुमच्या हातातल्या."

"घड्याळ आहे. तूच लिहिलंस की."

"आणि घड्याळाशिवाय?"

यजमान गप्प झाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं बोलायचं नव्हतं, अशा वेळी ते नेहमी गप्प बसायचे. बाईंनी थोडा वेळ जाऊ दिला. हाही धंद्यातलाच डाव: गप्प राहिलं की समोरचा बोलतो. पण छत्तीस वर्षांच्या संसारात गप्प राहण्यात यजमानांचा हात धरणारं कुणी नव्हतं. रांग आणखी एक माणूस सरकली.

"खाण्याचं आहे ना?"

"घरी गेल्यावर दिसेल."

"अहो, घरी जायच्या आधी हे काउंटर आहे."

"तुझी बॅग कोण उघडणार?" यजमान हळूच म्हणाले. "आणि बारा ओळी लिहिल्यायत तू. बारा ओळी वाचून थकलेला माणूस तेरावं काही शोधायला जातो का?"

हे मात्र बिनतोड होतं. बाईंनी समोर बघितलं. काउंटरवर कोण होतं ते आता दिसलं: त्यांचीच शेवटची शिकाऊ. आता पक्की निरीक्षक झालेली, चष्मा लावणारी, केस घट्ट बांधलेली. तिने एव्हाना बाईंना ओळखलं होतं आणि लांबूनच मान झुकवली होती. काउंटरवर पोचलं की ती उभी राहणार, 'मॅडम, कशी झाली ट्रिप' विचारणार, आणि हात पुढे करून वाट दाखवणार. बॅग उघडणं सोडा, फॉर्मही वाचणार नाही. यजमानांचा अंदाज सोळा आणे बरोबर होता, आणि इथेच घोडं पेंड खात होतं: न वाचता सुटला तरी फॉर्म खोटाच राहत होता.

दुसरी एक वाट होती. रेषेच्या अलीकडे, खांबाजवळ, हिरव्या झाकणाचं पिंप होतं. ज्याला आयत्या वेळी बुद्धी सुचेल त्याने आपली वस्तू त्यात टाकावी, कुणी विचारणार नाही. ते पिंप तिथे ठेवायला लावलं होतं बाईंनीच. पिशवी ओढून घ्यायची, जे असेल ते पिंपात, विषय संपला.

बाईंचा हात पुढे झालाही. पण यजमानांनी पिशवी छातीशी धरली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बाईंनी काउंटरवर हजारदा बघितलं होतं. ते चोराचं नव्हतं. कुणासाठी तरी आणलेलं काहीतरी आपल्या हातून जाणार आहे, अशी भीती वाटणाऱ्या माणसाचं होतं. अशा लोकांच्या हातून बाईंनी ते काढून घेतलं होतं, दर खेपेला. आज मात्र हात मधेच थांबला.

पुढे दोनच माणसं राहिली होती. बाईंनी पर्स उघडली, फॉर्म काढला, पेन काढलं, ट्रॉलीच्या दांड्यावर कागद टेकवला आणि बाराव्या ओळीखाली लिहिलं:

१३. खाण्याचा पदार्थ, ताजा असण्याचा संभव. काय आहे ते माहीत नाही. यजमानांना विचारावे.

"हे काय लिहिलंस?" यजमानांनी आयुष्यात पहिल्यांदा फॉर्म वाचला.

"खरं लिहिलं," बाई म्हणाल्या. "चला."

निरीक्षक अपेक्षेप्रमाणे उभी राहिली. "मॅडम, या ना. तुम्हाला रांगेत कशाला उभं राहायचं होतं? नुसता निरोप द्यायचा. जा तुम्ही, मी शिक्का मारते."

"फॉर्म वाच," बाई म्हणाल्या.

"मॅडम, तुमचा फॉर्म मी काय—"

"मी शिकवलं होतं का तुला असं? वाच."

पोरगी वाचायला लागली. जॅमला मान हलवली, अळंबीला कौतुकाने ओठ दुमडले, घड्याळावरून पुढे आली, आणि हसली. मग तिच्या लक्षात आलं की बाई हसत नाहीयेत. तिने चष्मा सारखा केला, हातमोजे चढवले आणि आवाज बदलला. तो बदललेला आवाज ऐकून बाईंना अभिमान वाटला. आपण घडवलेली पोर आपल्यालाच सोडत नाहीये, ह्याहून शिकवणाऱ्याला आणखी काय हवं?

"काका, पिशवी इथे ठेवा."

यजमानांनी पिशवी ठेवली. निरीक्षकेने चेन उघडली, घड्याळ बाहेर काढलं, आत हात घालून तळ चाचपला. पिशवीत दुसरं काही नव्हतं. एक रुमाल होता, गाठ मारलेला, आणि गाठीत पितळेची चक्रं, स्प्रिंग, काटे. तिने रुमालाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं. घड्याळाचं यंत्र घड्याळाच्या बाहेर होतं. मग आत काय आहे, हे तिलाही विचारावंसं वाटलं असणार. पण तिने ते विचारलं नाही.

"काका," ती म्हणाली, न हसता, "कुणासाठी आणलंय?"

यजमान गडबडले. काय आणलंय ह्याचं काहीतरी उत्तर त्यांनी विमानात जुळवलं असावं, कारण तोंड उघडलं होतं. ते तसंच राहिलं. त्यांनी एकदा बाईंकडे बघितलं.

"हिच्यासाठी," ते म्हणाले.

हा प्रश्न बाईंनी किती वेळा विचारला असेल, त्याला गणती नव्हती. उत्तरात आपण असू, हे त्यांच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा बाईंनी त्या काउंटरवर खाली मान घातली.

यजमानांनी घड्याळ उलटं केलं, मागचं झाकण नखाने उचकटलं, आणि जिथे चक्रं असायची त्या पोकळीतून कापसात गुंडाळलेली नाशपातीची तीन फळं एकेक करून बाहेर काढली. पिकलेली, पिवळी, एकालाही डाग नाही. वास एकदम दालनभर झाला.

बाईंना ती लगेच ओळखू आली. डोंगरातल्या ज्या घरात ते उतरले होते, त्याच्या अंगणात एक म्हातारं झाड होतं. घरमालकीण रोज सकाळी ताटलीत चार-सहा नाशपाती आणून ठेवायची. बाई खाण्याचं कौतुक करणाऱ्यातल्या नव्हत्या. कितीही चांगलं असो, 'ठीक आहे' म्हणायच्या आणि उठायच्या. पण पहिल्या सकाळी त्यांनी एक फळ खाल्लं, आणि मग दुसरं उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "घरी असं मिळालं असतं तर." कुणाला ऐकू जावं म्हणून म्हटलंही नव्हतं.

निरीक्षकेने तिन्ही फळं स्टीलच्या ट्रेमध्ये ठेवली. "फॉर्मवर लिहिलंय, त्यामुळे दंड नाही, नोंद नाही," ती म्हणाली. "पण ताजं फळ रेषेपलीकडे जाणार नाही, मॅडम."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "टाक पिंपात."

"टाकते. किंवा त्या बाकावर बसून संपवा. बाक रेषेच्या अलीकडे आहे. साल, बिया, देठ, सगळं ह्या पिशवीत घालून मला परत द्या. जाळायला जातं ते."

"हे कधीपासून? माझ्या वेळी नव्हतं."

पोरगी जरा घुटमळली. पण प्रश्न बाईंनी विचारला होता, आणि बाईंना गोलगोल उत्तर दिलेलं चालत नसे.

"तुमच्या वेळीही होतं मॅडम. नियम तोच आहे, सतरावं कलम. तुम्ही फक्त कुणाला सांगत नव्हता."

खरं होतं. बाईंना सतरावं कलम पाठ होतं. रांग अडते, कचरा होतो, लोक रडतात आणि खातात आणि पुन्हा रडतात, म्हणून त्यांनी ते कलम कधी काढलंच नाही. कुणी विचारलं तर नाकारलं नसतं, पण कलमं माहीत असलेला प्रवासी असतो कुठे? वन्संची ती चकती बाकावर बसून निदान चार घास तरी खाता आली असती. बाईंना हे आत्ता, ट्रेकडे बघताना कळलं, आणि त्यांना स्वतःची लाज वाटली. सोमवारी पहिला तास सतराव्या कलमाचा, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. एकदा ठरवलं की बाईंना बरं वाटायचं.

बाकावर दोघं बसले. मधे ट्रे. सुरी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून एकेक फळ हातात घेतलं आणि सरळ दातांनी सुरुवात केली. रस बाईंच्या मनगटावरून ओघळला. समोरून माणसं ट्रॉल्या ढकलत जात होती, बघत होती. एक्स-रे बाई बाकावर बसून, पदर खोचून, जप्त होणारं फळ खातायत. हे जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या खात्यात पसरणार, ह्यात शंका नव्हती. बाईंनी रस चाटला आणि खात राहिल्या.

"तुला कळलं कसं?" यजमानांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. पिशवी कशी धरली होती, चेनला हात किती वेळा लागला, सफाईवाला, ओठ, फलक. यजमान ऐकत गेले, आणि त्यांचा चेहरा खुलत गेला. पकडला गेलेला माणूस इतका खूश झालेला बाईंनी कधी पाहिला नव्हता.

"म्हणजे तू माझ्याकडे बघत होतीस," ते म्हणाले.

"बघणारच. रांगेतल्या सगळ्यांकडे बघत होते."

"हो, पण माझ्याकडेही."

"अहो, त्यात काय एवढं? आणि तुम्हाला तरी हे सुचलं कसं? मी शेजारी उभी असताना? भल्याभल्यांची डाळ शिजली नाही माझ्यापुढे."

यजमानांनी तोंडातला घास गिळला. मग तक्रार नाही, टोमणा नाही, घड्याळात काय बिघडलंय ते गिऱ्हाईकाला सांगावं तसं ते म्हणाले, "मला वाटलं, दुसऱ्या कुणी पकडलं तर पकडलं. पण तुझ्या नजरेतून मी नक्की सुटेन. घरी रोज सुटतो की."

बाईंनी फळ तोंडापासून खाली घेतलं.

"चष्मा बदलला मार्चमध्ये," यजमान म्हणाले. "जुना काळा होता, हा तपकिरी आहे. दुकानाच्या फळीला रंग दिला. तू रोज समोरून जातेस. तसं काही नाही गं. तू दमून यायचीस. दिवसभर माणसं बघून आलेल्या माणसाने घरी येऊन आणखी काय बघायचं? मीच म्हणायचो, डोळे काउंटरवर ठेवून आलीय, येऊ दे." ते जरा थांबले. "निवृत्त झालीस तेव्हा वाटलं होतं, आता बरोबर घेऊन येशील."

चष्मा तपकिरी होता. बाईंनी बघितलं. खरंच तपकिरी होता, आणि सात महिने त्या ह्या तपकिरी चष्म्यासमोर बसून चहा पीत होत्या. त्यांना फार वाईट वाटलं. अनोळखी माणसाच्या मोज्यातली लवंग ओळखणारी आपण, आणि घरचा माणूस रोज समोरून जातोय, रोज सुटतोय, आणि त्याला त्याची सवय झालीय.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. हे दोन शब्द त्यांच्या तोंडून सहसा निघत नसत, पण निघाले तेव्हा अडखळले नाहीत.

"राहू दे गं. खा."

बाई खायच्या थांबल्या होत्या. त्या बाकावर जरा तिरक्या झाल्या आणि त्यांनी यजमानांकडे बघायला सुरुवात केली. काउंटरवर बघायच्या तसं, घाई न करता, वरून खालपर्यंत. डावी भुवई पूर्ण पांढरी झालेली. सदऱ्याचं दुसरं बटण निळ्या दोऱ्याने लावलेलं, म्हणजे स्वतःच लावलेलं. ज्या डोळ्याला भिंग लावतात त्याच्याखाली एक खोल वर्तुळ. यजमान अवघडले, त्यांनी नजर चुकवण्यासाठी फळाचा आणखी एक घास घेतला. घास तोंडात गेला. दोनदाच चावला आणि तसाच खाली ढकलला, औषधाची गोळी ढकलावी तसा. मग पुढच्या घासाआधी एक बारीकसा श्वास.

बाईंनी आणखी एक घास जाऊ दिला. खात्री करून घेतल्याशिवाय त्या कधी बोलत नसत.

"तुम्हाला नाशपाती आवडत नाही," त्या म्हणाल्या.

यजमानांचा हात तोंडाशीच थांबला.

"कोण म्हणतं?"

"प्रश्नावर प्रश्न नको. आवडत नाही ना?"

"नाही," यजमान म्हणाले. "दाताखाली कचकचतं. लहानपणापासून नाही आवडत."

"पंधरा दिवस रोज सकाळी खात होतात माझ्याबरोबर."

"तू दुसरं घ्यायचीस. एकटीने घेतलं नसतंस."

बाईंनी यजमानांच्या हातातलं अर्धं फळ काढून घेतलं, आपल्या रुमालाने त्यांची बोटं एकेक करून पुसली, आणि ते अर्धं फळ, त्यांच्या दातांच्या खुणांसकट, स्वतः खाल्लं. मग तिसरं उचललं. यजमान बघत होते, आणि ह्या खेपेला बाईही त्यांच्याकडे बघत होत्या.

काउंटरवरून निरीक्षकेने मान उंचावून विचारलं, "मॅडम, झालं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "वेळ लागेल."